सातवीत ठेवून मिळणेबाबत

सुधीर भाटवडेकरांना इयत्ता सातवी, तुकडी ब मध्ये प्रवेश मिळाला तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं.

शाळेची काही हरकत नव्हती. अडचण ॲपला आली. ॲपमध्ये जन्मवर्षांची यादी दोन हजार आठपासून सुरू होत होती आणि भाटवडेकरांचं वर्ष त्याच्या बरोबर पन्नास वर्षं मागे राहिलं होतं.

"दोन हजार बारा टाकू?" शाळेचा क्लार्क मारुती म्हणाला.

"टाका."

"तारीख-महिना तुमचाच ठेवतो सर. तेवढं तरी खरं पाहिजे." मारुतीने दोन बोटांनी टाइप केलं. "झालं. हजेरी नंबर पस्तीस. उद्यापासून आठ दहाच्या आत ॲप उघडायचं. सलग तीन दिवस गैरहजर, की खातं बंद. मग माझ्याकडे यायचं, आणि मी लोकलने दिव्याहून येतो, पाणी आलं तर आंघोळ करून येतो, त्यामुळे मी कधी भेटेन ते माझं मलाच माहीत नसतं."

भाटवडेकर घरी आले आणि डोंबिवली पूर्वेतल्या आपल्या दोन खोल्यांत, डायनिंग टेबलापाशी, विद्यार्थी म्हणून बसले.

*

आता हे का झालं ते सांगायला हवं. थोडक्यात सांगतो, कारण भाटवडेकरांना त्यावर लांबण लावलेली आवडत नाही.

त्यांची बायको हेमा त्याच शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवत होती. टाळेबंदीत शाळेने हुकूम काढला की प्रत्येक शिक्षकाने आपले धडे फोनवर चित्रित करून ॲपवर चढवावेत. भाटवडेकरांच्या घरात फळा टांगता येईल असा एकच खिळा होता, स्वयंपाकघरातला, कॅलेंडरचा. कॅलेंडर उतरलं, फळा चढला. फोन धरायला स्टँड नव्हता. म्हणून भाटवडेकरांना उभं केलं. दोन्ही कोपरं तांदळाच्या डब्यावर टेकवायची, श्वास हळू घ्यायचा, खोकायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. कुकर लावला असेल तर शिट्ट्या त्यांनी बोटांवर मोजायच्या.

असे सदतीस पाठ झाले. अडतिसाव्या वेळी भाटवडेकर भावाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस चिपळूणला गेले होते. परत आले तेव्हा हेमा म्हणाली, "शेवटचा पण झाला. तुमच्याशिवाय." पाठ ॲपवर चढला की ती फोनमधून तो पुसून टाकायची, फोनमध्ये जागाच नसायची. भाटवडेकर म्हणाले, "बघू नंतर." आणि बूट काढायला खाली वाकले.

गेल्या श्रावणात हेमा गेली.

सदतीस पाठ त्यांनी स्वतः धरले होते. अडतिसावा त्यांनी पाहिलाच नव्हता. जगात हेमाची एवढीच एक गोष्ट उरली होती जी त्यांना अजून माहीत नव्हती.

*

ॲपच्या कंपनीला त्यांनी आधी फोन केला होता. ते संभाषण असं:

"सर, आपण विद्यार्थी आहात की शिक्षक?"

"मी नवरा आहे."

"सर, तो ऑप्शन नाहीये."

"मला फक्त एक पाठ बघायचाय."

"बघा ना सर. विद्यार्थी असाल तर एक दाबा, शिक्षक असाल तर दोन."

मग ते मुख्याध्यापिका सुमतीबाईंकडे गेले. हेमा आणि सुमतीबाईंनी बावीस वर्षं एका डब्यातली भाजी खाल्ली होती. त्यांनी लगेच तोडगा काढला. सातवी ब मध्ये चौतीस मुलं, ॲपची खाती चाळीस. "एका खात्यावर तुम्ही बसा, भावजी. पण एप्रिलअखेरपर्यंतच हं. तीस एप्रिलला वर्ग वर सरकतो. हे धडे सातवीचे आहेत, सातवीतल्याच मुलांना दिसतात. आणि एक आधार नंबर सातवीत एकदाच बसतो. परत घेता येणार नाही."

"मला एकच दिवस पुरे," भाटवडेकर म्हणाले.

तेव्हा जानेवारी होता.

*

त्यांनी सरळ पाठ ३८ वर बोट ठेवलं.

पडद्यावर एक खार उड्या मारत आली. तिच्या डोळ्यांत दोन मोठे थेंब होते.

*आधी मागचे पाठ पूर्ण कर, छोट्या दोस्ता! प्रत्येक पाठानंतर चाचणी. दहापैकी सहा मिळव आणि पुढचं कुलूप उघड!*

म्हणजे सदतीस चाचण्या. गणिताच्या.

भाटवडेकर ठाण्याला सरकारी कचेरीत तेहेतीस वर्षं भाषांतरकार होते. इंग्रजीतली कसलीही आडमुठी तरतूद ते मराठीत तितकीच आडमुठी करून देत. आकडे मात्र भाषांतरात बदलत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे कधी बघायची वेळ आली नव्हती. घरात हेमा होती. पेट्रोलच्या पंपावर, लग्नाच्या मांडवात, डॉक्टरकडे, कुठेही आकडा आला की ते मान वळवून तिच्याकडे बघत.

पहिली चाचणी: दहापैकी दोन.

*अरेरे! खारूताई रुसली. पुन्हा प्रयत्न कर, छोट्या दोस्ता!*

दुसऱ्यांदा: दहापैकी दोन. तीच दोन.

मग त्यांनी शेजारच्या रवींद्र कुलकर्ण्यांना बोलावलं. रवींद्र बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा हरकती घेणारे. त्यांनी चष्मा लावून प्रश्न मोठ्याने वाचायला सुरुवात केली. प्रश्न हेमाने स्वतः तयार केले होते.

"प्रश्न तीन. एक गृहस्थ रोज आंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर टाकतो. त्यामुळे गादीचा एक अष्टमांश भाग ओला होतो. रोज नव्या जागी टाकल्यास संपूर्ण गादी किती दिवसांत ओली होईल?"

रवींद्र थांबले. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. पलंगावर टॉवेल होता.

"पुढचा वाचा," भाटवडेकर म्हणाले.

"प्रश्न चार. तोच गृहस्थ 'पाच मिनिटांत आलो' असे सांगून कोपऱ्यावर जातो व पंचेचाळीस मिनिटांनी परततो. सांगितलेल्या व लागलेल्या वेळेचे गुणोत्तर काढा. प्रश्न पाच. डब्यात चोवीस लाडू होते. गृहस्थ 'एकच घेतला' असे म्हणतो. डब्यात एकोणीस उरले—" रवींद्रना पुढे वाचता येईना. ते टेबलावर डोकं ठेवून हसत होते. "अहो भाटवडेकर! चार वर्षं झाली! चार वर्षं सातवीची पोरं तुम्हाला सोडवतायत!"

"लाडवांचं काय उत्तर?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"किती खाल्ले ते ठाऊक आहे. फरक काढायचाय."

रवींद्रनी चाचणी सोडवून दिली. दहापैकी पाच मिळाले. टॉवेलच्या गणितात त्यांनी लिहिलं की गादी वाळण्याचा वेग दिलेला नसल्याने प्रश्न अपूर्ण आहे. ॲपमध्ये हरकत घ्यायला जागा नव्हती.

*

*आपली हजेरी: सोमवार हजर. मंगळवार हजर. बुधवार हजर. गुरुवार हजर. शुक्रवार गैरहजर.*

शुक्रवारी लाईट जाते. हे साऱ्या डोंबिवलीला माहीत आहे. ॲपला माहीत नाही.

*

शनिवारी ऑनलाइन तास असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर "तासाला ये" असं हिरवं बटण आलं. हेमाचा पाठ असेल म्हणून त्यांनी ते दाबलं. भाटवडेकर तेव्हा बनियनवर होते आणि हातात चहा होता.

पडद्यावर चौतीस चौकोन उघडले. सगळ्यांच्या वर, वेगळ्या चौकोनात एक तरुण बाई होत्या. देवयानी भोईर, कल्याणच्या, दिवाळीपासून हेमाच्या जागेवर आलेल्या.

"पस्तीस नंबर," देवयानीबाई म्हणाल्या, "नवीन दिसतोय. सुधीर ना? आजोबा, सुधीरला द्या बरं फोन."

"मीच सुधीर."

"नाही आजोबा, विद्यार्थी. त्याला उठवा. शनिवार असला म्हणून काय झालं?"

"विद्यार्थी मीच आहे. मारुतीने टाकलंय."

चौकोनांत खुसखुस सुरू झाली. देवयानीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पालक मुलाच्या जागी बसून हजेरी लावतात हे मला चांगलं माहितीये. कल्याणला माझ्याकडे एकाची आत्या बसायची, दोन महिने. तिला तिमाहीत पहिला नंबर आला. पण निदान शर्ट तरी घालायचा ना!"

भाटवडेकरांनी कप तोंडाला लावला. चहाचा घोट चुकीच्या नळीत गेला. ते खोकले.

एकदम सगळे चौकोन शांत झाले. मग सान्वी नावाच्या मुलीने तोंडाजवळ माइक नेला.

"बाई! हे गृहस्थ आहेत!"

"कोण?"

"बाई, तो खोकला! भाटवडेकर बाईंच्या पाठात येतो ना! बाई म्हणतात ना, 'गृहस्थ, खोकू नका'!"

"गृहस्थ! गृहस्थ!" चौतीस चौकोनांतून ओरडा झाला. "टॉवेल कुठेय?" एकाने विचारलं. "पाच मिनिटांत आले का?" "लाडू किती खाल्ले?"

देवयानीबाईंनी सगळ्यांचे माइक बंद केले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही भाटवडेकर बाईंचे...?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आधी शर्ट घाला काका. आणि वहीपेन घेऊन बसा. परिमेय संख्या."

*

सोमवारी देवयानीबाईंनी त्यांना फोन केला. मारुतीकडून सगळं कळलं होतं.

"काका, मी तुम्हाला पास करून देऊ शकत नाही. ॲप करतं. ते माझंही ऐकत नाही. पण शिकवू शकते. रोज दुपारी दोनला, माझा तास ऑफ असतो."

"फक्त अडतिसाव्यापर्यंत न्या."

"मधले टाळून नाही जाता येणार. आणि पायऱ्या गाळायच्या नाहीत. तुम्ही उत्तर एकदम लिहिता, कुठून आणलं ते कळत नाही."

"रवींद्रकडून आणतो."

"ते बंद."

मग भाटवडेकर शिकले. अवघड होतं, म्हणजे खरोखर अवघड होतं. ऋण गुणिले ऋण धन का होतं हे त्यांना फेब्रुवारीचा पहिला आठवडा संपेपर्यंत अन्यायाचं वाटत होतं. लसावि आणि मसावि यांतला लहान कोण आणि मोठा कोण यावर ते रोज नव्याने हरायचे. खारूताई सतरा वेळा रुसली. मार्चमध्ये कोनांवर त्यांना दहापैकी सात मिळाले तेव्हा खारीने अक्रोड दिला. तो अक्रोड बघायला त्यांनी रवींद्रना हाक मारली. रवींद्र आले आणि त्यांनी अक्रोड गांभीर्याने पाहिला.

चाचण्यांआधी पाठ बघावेच लागत. तिथे हेमा होती. साडीवर स्वेटर घातलेली, खडूचे हात पदराला लागू नयेत असे दूर धरलेली. भाटवडेकरांना वाटलं होतं की हे सगळं आपण पाहिलेलं आहे. पण धरणाऱ्याने पाहिलेलं नसतं. तो हात स्थिर ठेवण्यात असतो.

"काका, एक विचारू?" एकदा देवयानीबाई म्हणाल्या. "आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात, कॅमेऱ्यात बघा. बाई कधीच बघत नाहीत. जरा वर बघतात. प्रत्येक पाठात. मला कळायचं नाही, कुठे बघतात."

भाटवडेकरांनी त्या दुपारी पाठ नऊ पुन्हा लावला. हेमा फळ्यावरून वळायची, ओळ समजावून सांगायची, आणि संपताना नजर कॅमेऱ्याच्या बोटभर वर न्यायची. बोटभर वर त्यांचा चेहरा असायचा. आलं का लक्षात, असं ती विचारायची. मुलांना विचारायची, आणि बघायची त्यांच्याकडे. त्यांना काही कळलेलं नसायचं. ते मान हलवायचे.

त्या दिवशी त्यांनी चाचणी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपही उघडलं नाही. गैरहजेरी पडली.

*

रवींद्रनी एक उपाय सुचवला होता, तोही इथे नोंदवायला हवा. ॲपमधून पाठ उतरवून घेता येत नव्हता. पडद्याचा फोटो काढायला गेलं की काळं होत असे. "माझ्या फोनने तुमच्या फोनचा व्हिडिओ काढा. साधी गोष्ट." त्यांनी काढला. टेबलावर एक फोन, त्यावर हेमा. वर दुसरा फोन, दोन हातांत. पाठ तेवीस, वर्तुळ. नंतर दोघांनी लावून पाहिलं.

काचेत भाटवडेकरच होते. पांढरे केस, चष्मा, किंचित उघडं तोंड, मागे ट्यूबलाईट. हेमाचा आवाज त्यांच्या हनुवटीतून येत होता. पार शेवटपर्यंत. आणि मधे दोनदा खोकला.

"पुसू का?" रवींद्रनी विचारलं.

"पुसा."

*

सव्वीस एप्रिल, दुपारी अडीच. सदतिसाव्या चाचणीत दहापैकी सहा. कुलूप उघडलं. खार नाचली.

देवयानीबाईंना त्यांनी फोन केला. "उघडला."

"बघा आता निवांत. आणि काका, शेवटची चाचणी घाईत देऊ नका. ती पास झालात की ॲप तुम्हाला लगेच आठवीत टाकतं. सातवी बंद."

"आणि नापास झालो तर?"

"होत नाही आता तुम्ही. सरासरी आहे. तुम्हाला येतं ते."

पाठ ३८. एकूण लांबी सेहेचाळीस मिनिटं. बाकीचे सगळे वीस-वीस मिनिटांचे होते.

००:०४. फोन कशाला तरी टेकवलेला आहे. तिरका. हेमा खूप जवळ येते, नुसता कान दिसतो. मग नीट.

००:३१. फळ्यापाशी जाते. वळते. थेट कॅमेऱ्यात बघते. वर बघत नाही. वर कोणी नाही.

०१:१०. "मुलांनो, आज सरासरी. एका घरात दोन माणसं राहतात. एक माणूस दिवसाला नऊ तास बोलतं, दुसरं एक तास. सरासरी किती? पाच. बरोबर. आता गंमत बघा. पाच तास बोलणारं त्या घरात कोणीच नाहीये."

१८:३२. "नाही समजलं तर परत लावा. कितीही वेळा लावा. मी काही दमत नाही."

१९:०५. पाठ संपतो. तिचा हात फोनकडे येतो. पडदा हलतो. तिला वाटतं, बंद झालं.

बंद झालेलं नाही.

१९:४०. गॅस. पातेलं. चहा एका कपाचा.

२१:१५. ती एका खुर्चीवर बसते. दुसऱ्या खुर्चीवर पाय टाकते. दुसरी खुर्ची भाटवडेकरांची आहे.

२४:०२. दारातून रवींद्रांच्या बायकोचा, कादंबरीवहिनींचा आवाज. "हेमा, एकटीच ना गं? करमतंय का?"

"अगं झकास!" हेमा म्हणते. "काल एवढंसं पिठलं केलं, आज सकाळी तेच खाल्लं. भाजी काय म्हणून कोणी विचारलं नाही. एक ताट, एक भांडं. पलंग कोरडा आहे!"

"मग राहू देत की त्यांना अजून चार दिवस."

"राहू देत! चिपळूणला हवा चांगली असते."

दोघी हसतात. हेमा खूप हसते, पदर तोंडाला लावून.

२७:५०. पेपर. घडी न मोडलेला. ती तो पहिल्या पानापासून वाचते. मग शब्दकोडं सोडवते, पेनाने, न खोडता.

३५:००. काही नाही. ती बसली आहे. बाहेर भंगारवाल्याची आरोळी. ती चहा संपवते, कप तसाच ठेवते, उठत नाही.

४१:२०. काही नाही. ती सुखात आहे.

४६:०९. फोनची बॅटरी संपते.

हा पाठ चार वर्षं ॲपवर होता. मुलं एकोणिसाव्या मिनिटाला बंद करत. पुढचा भाग कोणीही पाहिला नव्हता.

भाटवडेकर आधी दुखावले. चोरून ऐकताना पकडलं जावं तसे गोरेमोरे झाले. चार महिने, सदतीस चाचण्या, ऋण गुणिले ऋण, आणि शेवटी हे: चिपळूणला हवा चांगली असते. मग त्यांना पलंगाचं आठवलं आणि ते हसले. एकटेच, मोठ्याने, खोकला येईपर्यंत. खोकला थांबल्यावर हसू पुन्हा आलं नाही.

समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बघावेत असं त्यांना वाटलं. टाकले. दोन मिनिटांत काढले.

ती दोन दिवस त्यांच्याशिवाय राहिली होती, आणि छान राहिली होती. कशी राहिली होती हे पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. चहा, खुर्ची, पेपर. पायऱ्या न गाळता. त्यांनी ते सत्तावीस तारखेला परत पाहिलं. अठ्ठावीसला दोनदा. दरवेळी वाटायचं आता आपल्यालाही जमेल, आणि दरवेळी एकेचाळिसाव्या मिनिटाला, ती काहीच करत नाही तिथे, त्यांचं चुकायचं.

*

एकोणतीस एप्रिलला त्यांनी शेवटची चाचणी दिली.

दहापैकी शून्य.

दोनच्या ठोक्याला देवयानीबाईंचा फोन आला.

"काका, शून्य? शून्य कसं पडेल? डोळे मिटून बटणं दाबली तरी दोन-तीन बरोबर येतात!"

"येतात."

"दहाच्या दहा चुकवायला दहाही यायला लागतात!"

"येत होती," भाटवडेकर म्हणाले. "पहिल्याचं साडेबारा. दुसऱ्याचं छत्तीस. तिसऱ्यात पर्याय क. सगळी सांगू?"

 पलीकडे कोणीतरी बाक ओढत होतं.

"तुम्हाला सातवीत राहायचंय."

"कच्चा आहे मी बाई. एक वर्ष अजून काढतो."

"अहो काका..." त्यांचा आवाज चमत्कारिक झाला. "सातवीत कोणालाच नापास करता येत नाही. नियम आहे. पाचवीला करता येतं, आठवीला करता येतं. सातवीला शून्य पडो नाहीतर शंभर, वर्गोन्नती. उद्या संध्याकाळी ॲप सगळ्यांना वर ढकलणार. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला काय माहीत तुम्ही मुद्दाम..."

"म्हणजे मी पास आहे."

"हो. सॉरी."

ही बहुधा जगातली पहिलीच वेळ असेल की शिक्षिकेने विद्यार्थ्याची पास केल्याबद्दल माफी मागितली.

"अर्ज केला तर?" भाटवडेकरांनी विचारलं.

"असा अर्ज आजपर्यंत कोणी केलेला नाही."

"म्हणजे नाही म्हणायचा नियमही नसेल."

*

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,

विषय: इयत्ता सातवीत ठेवून मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार सुधीर भाटवडेकर, इयत्ता सातवी ब, हजेरी क्रमांक ३५, यास वर्गोन्नती देण्यात येऊ नये. अर्जदाराने चालू वर्षी पाठ क्रमांक १ ते ३७ समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत. तथापि पाठ क्रमांक ३८ मधील उत्तरार्ध (मिनिट १९ ते ४६) अर्जदाराने चार वेळा पाहूनही त्यास अद्याप समजलेला नाही. सदर भाग आठवीच्या अभ्यासक्रमात समाविष्ट नाही. तो अन्यत्र कोठेही शिकवला जात नाही.

तरी अर्जदारास आणखी एक वर्ष द्यावे, ही विनंती.

*

तीस तारखेला मारुती जागेवर होता. पाणी आलं होतं.

त्याने अर्ज सावकाश वाचला. ओठ हलवत वाचला. "सर, भाषा एक नंबर. मंत्रालयात पाठवायच्या लायकीची."

"मग घ्या."

"घेतो की." मारुती अर्ज उलटसुलट करून बघू लागला. "पण विद्यार्थ्याचा अर्ज आहे ना? खाली पालकाची सही लागते."

"मारुती, मी सदुसष्ट वर्षांचा आहे."

"मला दिसतंय सर. पण सुमतीबाई रजेवर गेल्यात, पाच वाजता ॲप बंद होणार, आणि सहीशिवायचा कागद मी आत घेतला तर माझ्यावर येतं. नियम विद्यार्थ्याला आहे, वयाला नाही." त्याने पेन पुढे केलं. "घरातलं कोणीही चालेल. मोठं कोणी आहे का घरी?"

भाटवडेकरांनी पेन घेतलं. मग ते कागदाकडे बघत राहिले. खूप वेळ नाही, पण टेबलफॅन दोनदा या टोकाहून त्या टोकाला जाऊन आला एवढा वेळ.

"नाही," ते म्हणाले.

मारुतीने मान खाली घातली. कागद ओढून घेतला आणि कोपऱ्यात शेरा लिहिला, कारण शेरा न लिहिता कागद परत देणंही त्याच्यावर आलं असतं.

*पालकाच्या सहीअभावी अर्ज परत.*

शिक्का मारला. कागद परत दिला. मग काही सुचेना म्हणून मागच्या कपाटातून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. आठवीचं गणित, कोरं, शाईच्या वासाचं.

"हे आलंय नवीन. सगळ्यांना जूनमध्ये देणार. तुम्ही आत्ताच न्या. नाव टाका तेवढं, नाहीतर इथे पुस्तकं जातात."

भाटवडेकरांनी पहिलं पान उघडलं. नाव लिहिलं, ठसठशीत. खाली 'इयत्ता' छापलं होतं आणि पुढे टिंबांची ओळ होती. त्यांनी पेन टेकवलं आणि टिंबांवर लिहिलं: *सातवी ब.*

मारुतीने ते पाहिलं. नोंद चुकीची होती. पुस्तक शाळेच्या मालकीचं होतं, आणि पेन त्याचं स्वतःचं, न खोडता येणाऱ्या शाईचं.

त्याने टेबलफॅनचं तोंड हाताने धरून त्या पानाकडे वळवलं आणि अक्षरं वाळेपर्यंत तसंच धरून ठेवलं.